दप्तर, लिपी आणि शाहू छत्रपतींचा हुकूम

२६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात एक छोटासा हुकूम जारी झाला. संस्थानचे अधिपती शाहू छत्रपती त्या वेळी सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेत होते. बादशहांच्या आजारपणामुळे जूनमधील तो समारंभ ऑगस्टवर गेला होता, आणि त्या लांबलेल्या मुक्कामात महाराजांनी आपल्या राज्यातील नोकऱ्यांचा हिशेब मांडला. हुकूम मिळाल्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण शेकडा पन्नासहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक याच वर्गातून व्हावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस नेमणुकांचा तक्ता सरकारात सादर करावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप होते. मागासलेले कोण, हे ठरविण्याची पद्धतही साधी होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व तत्सम पुढारलेले वर्ग वगळता बाकीचे सर्व मागासलेले समजावेत. गंमत अशी की ज्या दिवाण रघुनाथराव सबनिसांच्या हाताखालील यंत्रणेने या हुकुमाची तामिली करावयाची, ते स्वतः प्रभू, म्हणजे हुकुमाने पुढारलेल्या ठरविलेल्या वर्गातले होते.

दरवर्षी २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, या हुकुमाचा गौरव होतो. तो योग्यच आहे. परंतु त्या गौरवात एक प्रश्न बहुधा बाजूला राहतो. निम्म्या जागा राखून ठेवणे हे सहीचे काम होते. त्या जागांवर बसणारी माणसे आणावयाची कोठून? सरकारी कचेरीच्या दारावर केवळ जातीची पाटी नव्हती. तेथे एका विशिष्ट लिपीची, एका विशिष्ट मराठीची आणि वरच्या पायरीवर एका परक्या भाषेची चौकी बसलेली होती. शाहू छत्रपतींच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीचा मोठा भाग ही चौकी उठविण्यात खर्ची पडला, आणि त्यांचे चरित्र या बाजूने वाचले म्हणजे त्यातील बरेच विस्कळीत भासणारे प्रसंग एका ओळीत येतात.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. पाळण्यातले नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. करवीरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात दुर्दैवी रीतीने मरण पावले, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी नऊ वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाची हकीकत महाराष्ट्रास ज्या खटल्यामुळे माहीत झाली, त्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. राजकीय इतिहासात हे प्रकरण पत्रकारांच्या धैर्याचे म्हणून येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. संस्थानचा कारभार त्या काळी इंग्रज सरकारच्या नोकरीत तयार झालेल्या, बाहेरून आलेल्या कारभाऱ्यांच्या हाती होता. राजा अल्पवयीन किंवा असमर्थ असला की रेसिडेन्सीच्या विश्वासातला, इंग्रजी पत्रव्यवहार सराईतपणे चालविणारा माणूस कारभारी म्हणून येई, आणि त्याच्यामागून त्याच्या ओळखीची माणसे येत. पन्हाळ्याच्या किंवा भुदरगडच्या खेड्यातील कुणब्याच्या मुलाला या साखळीत शिरण्यास कोठेही कडी नव्हती.

दत्तकपुत्राचे शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. गुजराती मुलखात आणि कानडी मुलखात इंग्रजीतून शिकणाऱ्या या मराठी मुलाला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय कष्ट पडतात याची जाणीव असणारच. तथापि त्याच्यासाठी गुरू, घोडा, पुस्तके आणि प्रवास या सर्वांची तरतूद खजिन्यातून होत होती. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याधिकार हाती घेतला.

तेव्हाचे आकडे प्रसिद्ध आहेत. संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या दहा होत्या. या आकड्यांकडे पाहून कोणी कारस्थान शोधतो, कोणी जन्मजात बुद्धिमत्ता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारकुनीचा बाजार कसा चालत होता हे पाहिले म्हणजे आकड्यांचे गूढ उरत नाही.

खेड्यातील दप्तर मोडीत असे. मोडी ही धावती लिपी. लेखणी न उचलता शिरोरेषेवरून ओळ चालते, शब्द तोडले जात नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध फारसा नसतो आणि संक्षेप तर पानोपानी. शाळेत मोडीची वळणे गिरविली तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या जमाखर्चाचा कागद वाचता येईलच असे नाही. त्यासाठी जुन्या कारकुनाशेजारी मांडी घालून बसावे लागे. ही विद्या पुस्तकातून येत नव्हती, घरातून आणि कचेरीतून येत होती. ज्याचे आजोबा कुलकर्णी, वडील शिरस्तेदार, त्याला ती न शिकता येई.

दुसरी अडचण उमेदवारीची. कचेरीत जागा मिळण्याआधी तरुण मुलगा महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, बिनपगारी उमेदवार म्हणून बसे. नकला करी, टिपणे काढी, साहेबाची मर्जी सांभाळी. जागा रिकामी झाली की ती अर्थातच त्या उमेदवाराकडे जाई, आणि त्यात अन्याय झाला असे कोणासही वाटत नसे, कारण काम त्यालाच येत असे. परंतु वर्षभर बिनपगारी बसणे कोणाला परवडे? ज्याच्या घरी दुसरा मिळवता आहे आणि कचेरीत एखादा नातलग आहे त्याला. शेतकऱ्याच्या घरी बारा वर्षांचे पोर म्हणजे एक राबता हात. तो हात कचेरीत फुकट बसविणे याचा अर्थ घरातील एक मजूर कमी होणे.

तिसरी पायरी इंग्रजीची. वरच्या जागांना मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक किंवा त्याहून वरची परीक्षा लागे, कारण रेसिडेन्सीशी सारा व्यवहार इंग्रजीत. कोल्हापुरात राजाराम हायस्कूल होते, त्याला जोडून कॉलेजही होते. म्हणजे शाळा दूर नव्हती. दूर होता तो शहरातील निवारा आणि दोन वेळचे जेवण. येथे एक सामाजिक व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे, जिचा उल्लेख नोकऱ्यांच्या चर्चेत फार क्वचित होतो. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला शहरात माधुकरी मागता येई, वार लावून जेवता येई. सात घरचे सात वार मिळाले की मॅट्रिकपर्यंतचा प्रश्न सुटला. या मुलांनी उपसलेले कष्ट खरोखरच मोठे होते, त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. पण तो एक प्रकारचा शिष्यवृत्ती निधी होता, तो समाजाने चालविला होता, आणि त्याची दारे एकाच जातीपुरती उघडी होती. मराठ्याचा, जैनाचा, लिंगायताचा, मुसलमानाचा मुलगा कोणत्या ओसरीवर पान मांडणार? महाराचा किंवा चांभाराचा मुलगा तर ओसरीच्या आतही येऊ शकत नव्हता.

शाहू महाराजांनी नेमके येथेच बोट ठेवले. १८९५ साली त्यांनी भास्करराव जाधव या मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. झालेल्या मराठा तरुणाला साहाय्यक सरसुभे म्हणून आणले. उत्तम इंग्रजी जाणणारा ब्राह्मणेतर मिळतो हे त्यामुळे दिसले. पण असे भास्करराव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते हेही दिसले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम कॉलेजाला जोडून वसतिगृह काढण्यात आले. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. वसतिगृह सर्वांना खुले असल्याने ज्यांची मुले आधीच इंग्रजी वर्गात होती त्यांनीच ते भरले. खुल्या स्पर्धेत खुल्या जागा कोण घेतो, याचा हा धडा महाराजांना हुकुमाच्या सहा वर्षे आधी मिळाला.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. १९०२ चा हुकूम हा वेदोक्त प्रकरणातील अपमानाचा सूड होता, असे म्हणण्याची एक प्रथा पडली आहे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर नारायण भटाने पुराणोक्त मंत्र म्हटले, त्यातून वाद पेटला, पुण्याच्या पत्रांतून तो गाजला, राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले, हे सर्व खरे. त्या वादाने महाराजांच्या स्वभावात एक धार आणली हेही मान्य करावे लागेल. परंतु जाधवांची नेमणूक आणि पहिले वसतिगृह वेदोक्तापूर्वीचे आहे. प्रश्नाची मांडणी आधी झाली होती. अपमानाने तिला निकड दिली इतकेच.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. पुढे मुसलमान विद्यार्थ्यांसाठी १९०६ मध्ये, वीरशैव लिंगायतांसाठी १९०७ मध्ये, अस्पृश्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क यांच्या नावे, आणि शिंपी, सोनार इत्यादी जातींची. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेर म्हणण्याची पद्धत यातून पडली. जातवार वसतिगृहांनी जातीचा अभिमान जोपासला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. महाराजांसमोर १८९६ चा अनुभव नसता तर या आक्षेपाला उत्तर देणे त्यांना कठीण गेले असते. माधुकरीचा निधी जर जातीने बांधलेला असेल, तर त्याला पर्याय देणारा निधीही प्रथम जातीच्या दारातूनच पोचणार, हा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. जागा, इमारत, वार्षिक अनुदान सरकारचे आणि चालविणे ज्या त्या समाजाचे, अशी वाटणी असल्याने दरबारावर भारही बेताचा पडला.

यातील लिंगायत वसतिगृहाला एक निराळा पदर आहे. करवीर संस्थान केवळ मराठी मुलूख नव्हता. रायबाग आणि कटकोळ हे महाल कानडी. शिरोळ आणि गडहिंग्लज पेट्यांत दोन्ही भाषा. तेथील अनेक घरांतून बोलणे कानडीत आणि दप्तर मराठीत. म्हणजे मराठी घरातील कुणब्याला मोडी आणि इंग्रजी अशा दोन भिंती ओलांडावयाच्या, तर रायबागच्या कानडी शेतकऱ्याच्या मुलाला मराठी धरून तीन. १९०२ च्या हुकुमात भाषेचा शब्दही नाही. तो जातीने मोजतो. ही त्या हुकुमाची मर्यादा म्हणावी लागेल, आणि ती पुढे राज्यपुनर्रचनेनंतर उघडी पडली, तेव्हा रायबाग कर्नाटकात गेले होते आणि भाषेचे पारडे फिरले होते.

हुकुमाला विरोध झाला. गुणवत्तेचे काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला, त्याचे श्रेय आजच्या टीकाकारांना देता येणार नाही. सांगलीचे नामांकित वकील गणपतराव अभ्यंकर यांच्याविषयी एक आख्यायिका कोल्हापुरात घरोघर सांगितली जाते. शिष्यवृत्त्या द्याव्यात पण नोकऱ्या लायकीवर द्याव्यात, असे त्यांनी महाराजांना सुचविले. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. घोड्यांच्या तोंडचे चंदीचे तोबरे काढून सगळी चंदी एका जाजमावर पसरण्यास सांगितले. दांडगी घोडी पुढे घुसली, चारी बाजूंनी लाथा झाडीत सगळी चंदी फस्त करू लागली, आणि रोडकी, म्हातारी घोडी व शिंगरे दूर उभी राहिली. या दृश्यानंतर वकीलसाहेब निरुत्तर झाले असे म्हणतात. गोष्ट सुरेख आहे आणि महाराजांच्या स्वभावास शोभते. पण अभ्यंकरांचा मुद्दा एवढ्याने संपत नाही, हे महाराजांनाही ठाऊक होते. चंदी तोबऱ्यात घालून देता येते. मोडी आणि इंग्रजी तोबऱ्यात घालून देता येत नाही. पागेतील उत्तर वकिलाला होते. वकिलाच्या मुद्द्यास दिलेले उत्तर वसतिगृहात, तलाठ्याच्या वर्गात आणि पुढे सक्तीच्या शाळेत सापडते.

१९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ राहिल्या. बाकीच्या साठांत सगळेच मागासलेले होते असे नव्हे. त्यांत प्रभू होते, अन्य पुढारलेलेही होते. शिवाय मागासलेले या एका शब्दाखाली मराठा जहागीरदारापासून मांगापर्यंत सर्वांना बसविल्यामुळे, ज्यांच्या हाती आधीच थोडी जमीन आणि थोडे अक्षर होते त्यांनाच आरंभीचा लाभ मिळाला. अस्पृश्यांच्या वाट्यास पहिल्या दहापंधरा वर्षांत अगदीच थोडे आले. तक्ते तिमाहीस येत होते, शेकडेवारी वाढत होती, आणि तक्त्याच्या तळाचे रकाने रिकामेच राहत होते. आजच्या उपवर्गीकरणाच्या वादाचे बीज या रिकाम्या रकान्यांत आहे.

महाराजांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध या तळाकडे वळलेला दिसतो. त्यातील सर्वांत दूरगामी घटना १९१८ ची, कुलकर्णी वतने खालसा करण्याची. कुलकर्णी म्हणजे गावचा वंशपरंपरागत हिशेबनीस. पाटील गावचा प्रमुख खरा, पण पाटलाला बहुधा सहीपुरते अक्षर. दप्तर कुलकर्ण्याच्या कोनाड्यात. कोणाच्या नावे कोणती जमीन, सारा किती, बाकी किती, तगाई कोणाची फिटली, हे सारे मोडीत आणि एका घराच्या ताब्यात. रयतेने अंगठा उमटवावयाचा आणि कुलकर्णी सांगेल ते खरे मानावयाचे. कुलकर्णी प्रामाणिक असला तरी ही अवस्था बदलत नव्हती, कारण त्याच्या प्रामाणिकपणाची तपासणी करू शकणारा दुसरा वाचक गावात नव्हता. ज्ञानाची मक्तेदारी ही किमतीच्या मक्तेदारीहून अधिक चिवट असते. तिला नवा विक्रेता आणून भागत नाही, नवा वाचक घडवावा लागतो.

कुलकर्ण्याच्या जागी पगारी, बदली होऊ शकणारा तलाठी आला. त्यासाठी प्रशिक्षण वर्ग निघाले आणि त्यांत मराठा, जैन, लिंगायत यांच्याबरोबर महार विद्यार्थीही घेतले गेले. महार तलाठी चावडीवर बसून सारावसुलीच्या पावत्या लिहितो, हे दृश्य त्या काळच्या खेड्याला किती अपरिचित असेल याची कल्पना करणे कठीण नाही. जो माणूस काल सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावत होता, त्याच्या हाती आज गावचे दप्तर होते. त्याच सुमारास महार वतनाचेही रूप बदलण्यात आले आणि वेठबिगारीतून त्या समाजास सोडविण्याचा प्रयत्न झाला.

कुलकर्ण्यांनी याविरुद्ध मोठी ओरड केली, सभा भरविल्या, अर्ज केले. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काही होते. वतन ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत. पुष्कळ कुलकर्णी घराणी साधारण स्थितीतील होती आणि त्यांना दुसरे साधन नव्हते. नवशिक्या तलाठ्यांकडून चुका झाल्या असणारच, आणि पगाराचा नवा बोजा खजिन्यावर पडला. राजकीय दृष्ट्याही हा निर्णय महाराजांना महाग पडला. पुण्याशी त्यांचे वैर त्यामुळे अधिक कडवट झाले. पण १९०२ च्या हुकुमाने कचेरीतल्या खुर्च्या वाटल्या असतील, तर १९१८ च्या या निर्णयाने त्या खुर्चीत बसण्याची विद्या घराघरांतून काढून वर्गात आणली. दोहोंत अधिक महत्त्वाचा कोणता असे विचारल्यास दुसऱ्याचे नाव घ्यावे लागेल. जयंतीच्या भाषणांत मात्र पहिल्याचाच उल्लेख असतो.

१९१७ च्या सप्टेंबरात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि पुढील वर्षी करवीर पेट्यातील चिखली गावापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. त्या काळी मजुराला एक रुपया मिळविण्यास काही दिवस राबावे लागत असे, तेव्हा हा दंड नाममात्र नव्हता. २७ शाळांवर सुरू झालेला हा पसारा १९२१-२२ पर्यंत ४२० शाळांवर गेला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम झाला. याच वर्षी राजाराम कॉलेज आर्यसमाजाच्या स्वाधीन करण्यात आले. उच्च शिक्षणावरचा दरबारचा हात आखडला, अशी टीका त्यावर झाली. पैसा मर्यादित असेल तर तो मूठभरांच्या पदवीवर खर्चावा की हजारोंच्या अक्षरावर, हा निवडीचा प्रश्न होता. महाराजांनी निवड केली आणि ती लपवून ठेवली नाही. पदवीधरांना ती रुचली नाही, यात नवल नाही.

नोकरी न देताही माणूस उभा करता येतो, हे गंगाराम कांबळे यांच्या प्रसंगात दिसते. दरबारच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगारामांना सवर्णांच्या पाण्याला हात लावल्याबद्दल मार बसला. महाराजांनी त्यांना हॉटेल काढण्यास भांडवल दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. सुशिक्षित अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा देण्यामागेही हीच दृष्टी होती. खेड्यातील अस्पृश्य फिर्यादीला कोर्टाची भाषा समजत नाही. ती समजावून सांगणारा त्याच्यातलाच कोणी कोर्टात उभा असावा. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत महाराज उपस्थित राहिले. अध्यक्षस्थानी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षाच्या आरंभी निघालेल्या मूकनायक पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. एका अर्थी रिकाम्या रकान्यांना आवाज फुटला होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षात, शाहू महाराजांचे निधन झाले.

तोपर्यंत हुकुमाची कल्पना कोल्हापूरच्या सीमा ओलांडून गेली होती. म्हैसूर संस्थानात १९१८ साली न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली गेली. मद्रास इलाख्यात १९२१ मध्ये जातवार नेमणुकांचा आदेश निघाला. भारताच्या राज्यघटनेत सोळाव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याचा अधिकार राज्यास दिला. १९९२ साली मंडल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेकडा पन्नासची मर्यादा घातली. आकडा तोच, पण अर्थ वेगळा. महाराजांच्या हुकुमात पन्नास हे गाठावयाचे माप होते, कचेरी तेथवर पोचेपर्यंत पुढची नेमणूक मागासलेल्यालाच. न्यायालयाच्या निकालात पन्नास हे न ओलांडण्याचे माप आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी याच मर्यादेवर अडला, आणि २०२४ मध्ये शेकडा दहाचा नवा कायदा करावा लागला.

भाषेची चौकी मात्र घटनेने उठविली नाही. सीमाभागात ती सर्वांत स्पष्ट दिसते. १९५६ च्या पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांना आश्वासन देण्यात आले होते की, राज्यभाषेचे ज्ञान ही नेमणुकीची पूर्वअट नसावी. नेमणूक झाल्यावर परिविक्षा काळात परीक्षा घ्यावी. आधी माणूस घ्या, मग भाषा शिकवा, असा त्याचा सरळ अर्थ. तलाठ्याच्या वर्गामागील तत्त्वाहून तो फारसा निराळा नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरकडील मराठी उमेदवाराची त्या आश्वासनाबद्दलची तक्रार जुनी आहे, आणि सीमेच्या अलीकडील कानडी बोलणाऱ्या गावांतही मराठीच्या परीक्षेपाशी अडणारे तरुण आहेत. कोल्हापूर शहरात भिंत तिसऱ्याच भाषेची आहे. पन्हाळ्याच्या किंवा शाहूवाडीच्या खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला पदवीधर राखीव जागेसाठी पात्र ठरतो, जातीचे प्रमाणपत्र त्याच्या हाती असते, आणि खाजगी कंपनीच्या किंवा बँकेच्या मुलाखतीत पहिल्या इंग्रजी वाक्यापाशी तो थांबतो. त्याची शेकडेवारी कोणत्याही तिमाही तक्त्यात येत नाही.

आणि मोडी? ती कचेऱ्यांतून विसाव्या शतकाच्या मध्यास हद्दपार झाली. आजच्या तलाठ्याला तिचे अक्षरही वाचता येत नाही. परंतु २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतून कुणबी अशा नोंदी शोधण्याचे काम राज्यभर सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत एक अडचण उभी राहिली. नोंदी होत्या, त्या वाचणारा नव्हता. मोडी जाणणाऱ्यांचा शोध घेऊन त्यांना मानधनावर बोलवावे लागले, आणि आरक्षणाच्या दाखल्यासाठी आलेला शेतकरी आपल्या पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे ते सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पुन्हा एकवार पाहत उभा राहिला.